ज्यांनी ऐकून घेतलं

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे त्यांच्यापैकी एकीचंही नाव या लेखात येणार नाही. नाव लिहिलं की शाळा कळते, शाळा कळली की गल्ली कळते आणि गल्ली कळली की लेकरू ओळखू येतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, ज्याला आपण सगळे पोक्सो म्हणतो, अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो. ती मनाई मला मनापासून पटलेली आहे. म्हणून बाई, मावशी, सिस्टर एवढ्याच ओळखीवर त्यांना इथे भेटा.

सगळ्यांत जुनं ऋण बाईंचं.

१९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि आमचं औरंगाबाद भराभर बदलायला लागलं. मराठवाड्याच्या गावागावांतून तरणी पोरं कामाच्या शोधात शहरात यायची आणि ज्याचं शहरात घर, त्याच्याकडे उतरायची. आमच्या दोन खोल्यांत कधी आतेभाऊ, कधी गावाकडच्या सोयऱ्यांचा मुलगा, असं कोणी ना कोणी असायचंच. पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती. आई पहाटे उठून त्यांचेही डबे करायची. त्यांतले बहुतेक सरळ आणि कष्टाळू होते. आजही येतात, आईच्या फोटोला हार घालतात. एक तसा नव्हता. नात्याने काका लागायचा. मी पाचवीत होते. याहून जास्त तपशील वाचकाच्या उपयोगाचा नाही.

मला काय होतंय हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. माझ्याकडे पोटदुखी होती. शुक्रवारी रात्री सुरू व्हायची. आई ओवा-मीठ द्यायची, कधी पोटाला हिंग लावायची. शनिवारची शाळा सकाळची असे, अकराच्या सुमाराला सुटे. वडील पाळीवर असत आणि आई शनिवारी दुपारी शिवणाच्या वर्गाला जात असे. शाळा सुटली की मी दप्तर भरायला उशीर लावायची. बाई, फळा पुसू का? बाई, नकाशे गुंडाळून ठेवू का? वह्यांचे गठ्ठे लावू का? कामसू मुलगी म्हणून कोणत्याही शिक्षिकेने माझं कौतुक केलं असतं. बाईंनी कौतुक केलं नाही. हे फक्त शनिवारी होतं, एवढं त्यांनी टिपलं. गणितात माझे गुण घसरले होते, तेही त्यांनी त्याच्याशी जोडून पाहिलं. वर्गात पन्नासच्या वर मुलं असताना एका मुलीचा शनिवार वेगळा दिसणं किती अवघड असतं, हे पुढे स्वतः हजेरीपट घेऊन उभी राहिले तेव्हा मला कळलं.

अशाच एका शनिवारी त्यांनी वर्ग रिकामा होऊ दिला. दार उघडंच ठेवलं. खुर्ची सोडून माझ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसल्या. समोर बसल्या असत्या तर मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं असतं.

"घरी जायला नको वाटतं का गं?"

मी मान हलवली. त्यानंतर त्या गप्प राहिल्या. मीच कधीतरी म्हणाले की काका वाईट आहेत. "वाईट म्हणजे कसे, सांगता येईल तुला?" त्यांनी विचारलं. कुठलाही शब्द माझ्या तोंडात घातला नाही. मी तुटक तुटक जे बोलले ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही की पदर तोंडाशी नेला नाही. माझा हात हातात घेण्याआधी "घेऊ का?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझं काही चुकलेलं नाही. मी हे कुणालाच सांगणार नाही, असं मात्र तुला म्हणणार नाही. तुझ्या आईला सांगावं लागेल. मी तुझ्याबरोबर येते."

पुढे या विषयातली प्रशिक्षणं झाली. मानसोपचारतज्ज्ञ मुलाचं कसं ऐकावं ते फळ्यावर लिहून समजावत, तेव्हा ऐकताना मला सारखं वाटायचं, हे तर बाईंनी त्या बाकावर केलं होतं. सूचक प्रश्न न विचारणं, दोष मुलाच्या अंगावर न येऊ देणं, पाळता न येणारं वचन न देणं. त्यांच्याकडे डी.एड.ची पदविका आणि स्वतःची समज होती, बाकी काही नव्हतं.

त्या दिवशी शिवणाचा वर्ग सुटेपर्यंत बाई माझ्यासोबत शाळेतच थांबल्या आणि मग घरी आल्या. आईने चहाचं आधण ठेवलं होतं. ऐकता ऐकता तिने स्टोव्ह विझवला. म्हणाली, "बाई, घरातली गोष्ट आहे. यांच्या कानावर गेलं तर खून पडेल." बाई म्हणाल्या, "ताई, आज रात्री लेक तुमच्या कुशीत झोपेल आणि उद्या तो माणूस या घरात नसेल. एवढं आधी करू. बाकीचं मागाहून." अंधार पडेपर्यंत त्या आमच्या उंबऱ्यात बसून होत्या. आईने वडिलांना काय सांगितलं मला माहीत नाही. सकाळी काकाची पत्र्याची पेटी दाराबाहेर होती.

पोलिसांत कोणी गेलं नाही. तेव्हा पोक्सो नव्हता. दंडविधानात बलात्काराचं कलम होतं, विनयभंगाचं होतं. लहान मुलाशी केल्या जाणाऱ्या बाकीच्या कितीतरी गोष्टींना कायद्यात धड जागा नव्हती. नातेवाइकांत सांगितलं गेलं की त्याला कारखान्याजवळ खोली मिळाली. पुढे त्याचं लग्न झालं, लग्नकार्यांतून तो दिसत राहिला. आमच्याकडून निघाल्यावर तो कोणाच्या दोन खोल्यांत उतरला आणि त्या घरात पाचवीतली कोणी होती का, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. बाईंनी मला वाचवलं, पण त्याला कोणी अडवलं नाही. तक्रारीविषयी मी आज जे हट्टाने बोलते त्याचं मूळ तिथे आहे.

मी शिक्षिका झाले ती बाईंमुळे. मुकुंदवाडी, चिकलठाणा या बाजूच्या प्राथमिक शाळांत माझी नोकरी झाली. १४ नोव्हेंबर २०१२ या बालदिनी पोक्सो लागू झाला, तेव्हा त्याची छापील प्रत मी स्वतःहून मिळवली आणि एकोणिसावं कलम पुन्हा पुन्हा वाचलं. अठरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलावर, मग ती मुलगी असो वा मुलगा, असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तर विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करून आणा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असंही तिथेच लिहिलं आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवत असेल तर त्याला एक वर्षापर्यंत. माझ्या आईच्या वेळी हे कागदावर असतं तर ती वेगळं वागली असती का? कदाचित नाही. पण उंबऱ्यात बसलेल्या बाईंच्या हातात काहीतरी असतं.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी एका दुपारी स्टाफरूमच्या दारात आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. "मॅडम, ते लेकरू दोन दिसांपासून खाली बसंना. ताट घेऊन उभ्यानंच खातंय. इचारलं तर म्हणतंय, असंच." ते लेकरू म्हणजे एक मुलगा होता. रोज त्याला वाढणाऱ्या बाईच्या नजरेत जे आलं ते आम्हा बारा बुकं शिकलेल्या शिक्षकांपैकी कोणाच्याही नजरेत आलं नव्हतं. मावशींचं माझ्यावरचं ऋण हे की त्या मला येऊन बोलल्या. "आपल्याला काय करायचंय" म्हणून भांडी घासायला निघून गेल्या असत्या तरी त्यांना कोणी विचारणार नव्हतं.

मुलगा बोलला. घरच्यांच्या विश्वासातल्या, रोज घरात येणाऱ्या एका माणसाविषयी बोलला. मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की शाळेचं नाव खराब होईल, आधी पालकांना बोलावू, सोमवारी बघू. तो दिवस शुक्रवार होता. मी कायद्याची ती प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांच्यासमोरच १०९८ लावला. ही मुलांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांच्या प्रयत्नातून सुरू झाली; रस्त्यावरच्या मुलांनाही लक्षात राहावा म्हणून तो आकडा दस-नौ-आठ. आता २०२३ पासून ती सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे. त्या दुपारी पलीकडच्या बाईने शांतपणे माहिती घेतली आणि पोलिसांना कसं कळवायचं ते सांगितलं. पोलिसांना लिहिलेल्या पत्रावर मुख्याध्यापकांनी सही केली. नाखुशीने केली, पण केली.

मुलाची आई मात्र माझ्यावरच चिडली. "पोराला काय होतंय मॅडम? पोरगी असती तर गोष्ट वेगळी." असं मानणारी ती एकटी नव्हती. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. मी त्या माउलीला आकडे ऐकवले नाहीत. तिच्या शेजारी बसले. बाईंकडून शिकलेली ती एक गोष्ट प्रत्येक वेळी उपयोगी पडली आहे.

जबाब घ्यायला आलेल्या फौजदार बाई साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. गणवेशात न येणं, मुलाला हव्या त्या ठिकाणी जबाब घेणं, मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ ठेवणं हे सगळं कायद्यातच आहे. ते इतक्या सहजपणे पाळताना मात्र मी फार थोड्यांना पाहिलं आहे. त्यांनी व्हरांड्यात फरशीवर बसकण मारली आणि आधी त्याच्या पतंगाच्या मांजाची चौकशी केली.

मग घाटी. आमच्या शहरात सरकारी दवाखान्याला घाटीच म्हणतात. तिथली गर्दी, तिथला वास, रांगा, खाटांमधून वाट काढणारे नातेवाईक, सगळं सगळ्यांना माहीत आहे. त्या गर्दीत सिस्टर भेटल्या. डॉक्टर तपासायला येण्याआधी त्यांनी मुलाला सांगितलं की काय काय होणार आहे, कशाला हात लावणार, कुठे थोडं गार लागेल, आणि तू थांबा म्हणालास की आम्ही थांबणार. एकदा तो थांबा म्हणाला. सगळे थांबले. मला वाटतं, त्या मुलाच्या आयुष्यात मोठ्या माणसांनी त्याचं 'थांबा' ऐकल्याची ती बऱ्याच दिवसांनंतरची पहिलीच वेळ असेल. त्याने जे शब्द वापरले तेच शब्द कागदावर उतरतील, याकडेही सिस्टरांचं लक्ष होतं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आता त्याला परत परत विचारू नका. त्याने सांगितलं, तुम्ही ऐकलं, तुमचं काम झालं. दहा जणांनी दहादा विचारलं की लेकराची जखमही उघडते आणि कोर्टात केसही ढिली पडते."

पुढे त्यांच्याशी मैत्री झाली. त्यांची पाळी संपली की आम्ही घाटीच्या फाटकाबाहेर चहा घ्यायचो आणि मी शिकत राहायची. खेळणाऱ्या मुलाला लागतं ते गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर; कानाच्या पाळीवर, मानेवर, पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, नितंबांवर वळ दिसले तर थबकायचं. रांगतसुद्धा नाही अशा तान्ह्याच्या अंगावर काळानिळा डाग असेल तर उद्यावर ढकलायचं नाही. गरम पाणी सांडून भाजलं तर शिंतोडे उडतात. मोजा घातल्यासारखी पायावर सरळ कड उमटली असेल तर पाय पाण्यात धरला गेला का, हे बघायचं. लागल्याची गोष्ट आई एक सांगते, वडील दुसरी, किंवा दोन दिवसांनी दवाखान्यात आणतात, हेही लक्षण. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा शरीरावर काहीच सापडत नाही. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे लेकरू खोटं बोलतंय, असा अर्थ काढणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. अशा वेळी वागण्याकडे बघावं लागतं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, एका ठरावीक माणसाचं नाव काढलं की मूल आक्रसतं, वयाला न शोभणारं काही बोलतं, कुठून आले ते सांगता येत नाही असे पैसे किंवा वस्तू त्याच्याकडे दिसतात. यांतल्या एका गोष्टीवरून कोणावर आरोप करता येत नाही. सलग बघत राहिलं तर मात्र त्यातून एखाद्या मुलीचा शनिवार दिसू शकतो.

त्या मुलाची केस अदालत रोडवरच्या कोर्टात चालली. आरोपी दिसणार नाही अशा बेताने पडदा लावून मुलाची साक्ष झाली. कायदा म्हणतो, खटला शक्यतो वर्षभरात संपवा. त्याहून बराच जास्त काळ गेला. शिक्षा झाली. त्याच्या आईने नंतर पीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्जही केला, तो मीच भरून दिला होता.

न कळवण्याची किंमत काय होते तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, अशी भूमिका घेतली. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये बालवर्गातल्या दोन मुलींनी आपापल्या घरी सांगितलं. घरच्यांनी ऐकलं, पण शाळेने आणि पोलिसांनी तत्परता दाखवली नाही; लोक रेल्वेरुळांवर उतरले तेव्हा राज्य जागं झालं. शाळेच्या चालकांवर न कळवल्याचा गुन्हा त्यानंतर लागला.

आणि आमचं शहर. २०२५ च्या जूनअखेर छावणीतल्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली पळून बाहेर आल्या. आत आमचा छळ होतो, असं त्यांनी सांगितलं. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, विधिमंडळात प्रश्न निघाला. तोवर त्या मुलींचं ऐकायला, त्यांच्या शेजारी जाऊन बसायला कोणी का गेलं नव्हतं, हे मला अजून सलतं. ज्या मुलींना आपण आसरा दिला म्हणतो त्यांना स्वतःची तक्रार स्वतःच्या पायांनी रस्त्यावर आणावी लागली. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या असतील, पण मी त्यांचीही ऋणी आहे. त्याआधी, अत्याचार होऊन मारल्या गेलेल्या कोपर्डीच्या लेकीसाठी ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच शहरातून पहिला मूक मोर्चा निघाला, क्रांती चौक माणसांनी भरून गेला, मीही त्यात चालले. इतक्या माणसांतल्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या एका लेकरावर नजर ठेवली तर शहर कसं होईल, असं त्या दिवशी मनात आलं होतं.

आता मी शाळांतून पालकांच्या बैठका घेते. २०२२ पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, असा शासनाचा आदेश आहे. तुमच्या मुलाच्या शाळेतल्या समितीवर कोण आहे ते विचारा, असं मी आधी सांगते. मग घरचं बोलते. पाहुण्यांसमोर "काकांना पापी दे" म्हणून मुलांना ढकलू नका. मुलाने नको म्हटलं तर त्याच्या बाजूने उभे राहा. पाहुणा रुसला तर रुसू दे. शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं मुलांना शिकवा, म्हणजे सांगायची वेळ आली तर शब्द असतील. वाढदिवसाच्या भेटीची गंमत दोन दिवस लपवायची असते; जे आईपासून कायमचं लपवायला कोणी सांगतं, ते लगेच सांगायचं, हे चार वर्षांच्या मुलालाही समजतं. मात्र स्वतःला वाचवायची जबाबदारी मुलावर टाकून आपण मोकळे होऊ नये. ते काम मोठ्यांचं आहे.

बाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली? माझे वडील अंगावर आले असते, शाळेतून काढून टाकलं असतं. म्हणाल्या, "वाटली ना. पण तू सांगून बसली होतीस. आता मी काय करणार होते, नाही ऐकलं म्हणू?"

हा लेख तुम्ही इथवर वाचलात, तर एक काम करा. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये १०९८ हा नंबर साठवा आणि मुलांकडून तो पाठ करून घ्या. तो फुकट लागतो, चोवीस तास लागतो. शंका आली तर खात्री होण्याची वाट बघू नका; खात्री करायचं काम पोलिसांचं आहे. तुम्ही फोन करा.